खिडक्यांचा विषय पुढील सभेत

आमच्या लोकमित्र वाचनालयाच्या खिडकीचं एक दार छप्पन सालच्या ऑगस्टात जामवाल्याच्या गाडीवर पडलं, तिथून हे सगळं सुरू झालं. जाम म्हणजे पेरू. हैदराबादेत पेरूला पेरू म्हणणारा माणूस कालच गाडीतून उतरलेला समजतात. दार सागवानी होतं आणि चांगलं माझ्या उंचीचं होतं. जामवाला नशिबानं समोरच्या इराण्याकडं चहा प्यायला गेला होता. तो परत आला, त्यानं चेंदा झालेल्या जामांकडं पाहिलं, मग वर पाहिलं. मोकळ्या चौकटीत मी उभी होते, हातात झटकायचं फडकं घेऊन.

"अम्मा," तो म्हणाला, "फेकना था तो आवाज तो देना था."

मला हसू आवरेना. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, अंबरपेठेत वडिलांच्या घरी राहत होते आणि वाचनालयाची ग्रंथपाल होते. घरी माझं कुणी ऐकत नसे. वाचनालयात मात्र मोठमोठे वकील आणि मास्तर मी डोळे वटारले की पुस्तकाचं दुमडलेलं पान सरळ करत. जगात माझी म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती.

वाचनालय कोठीच्या एका गल्लीत, जुन्या देवडीच्या वरच्या मजल्यावर होतं. देवडी म्हणजे जहागीरदाराची हवेली. जहागीरदार मराठी वाचणारा निघाला आणि जाताना दिवाणखाना पुस्तकांना देऊन गेला. १९०८ सालच्या मूसा नदीच्या पुरातून इमारत वाचली, पण तिच्या रस्त्याकडच्या सात खिडक्यांचं लाकूड तेव्हापासून जे कुजायला लागलं ते थांबलंच नाही. आम्ही त्यांना पत्रे ठोकले, दोऱ्या बांधल्या. पण लाकडाचा जीव गेला की गेला.

पुढच्या रविवारी कार्यकारिणीची सभा झाली. "इमारतीच्या सातही खिडक्या मूळच्यासारख्या नव्यानं करून घेणे" हा विषय अध्यक्षांनी मांडला आणि मी इतिवृत्तात लिहिला. अध्यक्ष होते भगवंतराव वकील. सत्तर वर्षांचे, शेरवानीची सगळी बटणं लावून येणारे. बोलायचे थोडं आणि तेही घटनेतलं कलम सांगायला. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत.

इथवर सगळं सरळ होतं. पण त्याच महिन्याच्या शेवटी दिल्लीत कायदा झाला. पहिल्या नोव्हेंबरला आमचं हैदराबाद राज्य मोडणार होतं. मराठवाडा मुंबईकडं, कानडी जिल्हे म्हैसूरकडं, आणि हैदराबाद शहर आमच्यासकट आंध्रात. सरकारी नोकरांच्या बदल्यांच्या याद्या निघाल्या. घराघरांतून ट्रंका माळ्यावरून खाली आल्या. जो तो दुसऱ्याला एकच विचारायचा, "तुमचं कुठं पडलं?"

आमच्या कार्यकारिणीच्या अकरा जणांपैकी सात जणांचं औरंगाबादला पडलं. त्यांत माल म्हणजे महसूल खात्यातले एकनाथराव होते. माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाला ऐकायचा नाही. त्यांनी लेखी सूचना दिली, "हैदराबादेत यापुढे मराठी वाचणारा उरणार नसल्याने लोकमित्र वाचनालय बंद करून सर्व ग्रंथ औरंगाबादेस हलवावेत."

मी ती सूचना वाचली आणि मला भयंकर राग आला.

"उरणार नाही म्हणजे? मी कोण आहे?" मी विचारलं.

"तुम्ही ग्रंथपाल. तुम्हाला वाचायला वेळ कुठं असतो?" एकनाथराव म्हणाले.

सात विरुद्ध चार. हिशेब सांगायला कुणी पंडित नको होता. सूचना सभेपुढे आली की मंजूर, आणि अकरा हजार पुस्तकं पेट्यांत. त्या संध्याकाळी मी दिवाणखान्यात एकटीच कपाटांपुढून फिरले आणि चक्क रडले. मग दौलत आला.

दौलत आमचा सगळ्यांत तरुण सभासद. परभणीकडचा, काचीगुड्याला रेल्वेत कारकून. रेल्वे दिल्लीची, त्यामुळं त्याची बदली नव्हती. त्याच्या गावच्या शाळेत त्याला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवायचे. इथं पहिल्या दिवशी तो दारातच घुटमळला, तेव्हा भगवंतरावांनी खिडकीजवळची खुर्ची दाखवून "बसा" एवढंच म्हटलं होतं. तेव्हापासून ती खुर्ची दौलतची. कार्यकारिणीवरही त्यांनीच त्याला घेतलं. वाचनालय गेलं तर माझी नोकरी जाणार होती. दौलतचं काय जाणार होतं ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि मला ते सांगायची गरजही नव्हती.

"ताई, रडू नका की," तो म्हणाला. "मी आपल्या संस्थेची घटना वाचली."

"ती कोण वाचतं रे?"

"कुणीच नाही. म्हणून तर मजा आहे." त्यानं ते पिवळं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. कलम चार: शहर सोडून जाणाऱ्याचे सभासदत्व त्या क्षणी संपेल. कलम सात: इमारतीबाबतचा प्रत्येक निर्णय एकमतानेच होईल. कलम नऊ: हाती घेतलेला विषय निकाली निघाल्याखेरीज दुसरा विषय सभेपुढे येणार नाही.

मी तीनही कलमं दोनदा वाचली. मग आम्ही एकमेकांकडं पाहिलं. खिडक्यांचा विषय हाती होता. तो निकाली निघायला अकराही माणसांचं एकमत लागत होतं. आणि पहिल्या नोव्हेंबरपर्यंत सात जणांचं सभासदत्व आपोआप संपत होतं.

"म्हणजे आपण फक्त भांडायचं?" मी विचारलं.

"दोन महिने," दौलत म्हणाला.

मराठी माणसांच्या कार्यकारिणीला दोन महिने भांडायला लावणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. मला इतका आनंद झाला की मी त्याला समोरच्या इराण्याचा चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं खाऊ घातली.

पुढच्या सभेत एकनाथराव उठले आणि म्हणाले, "आता आपण चाललो. खिडक्या कशाला करायच्या? विषय सोडून द्या."

"सोडून द्यायलाही एकमत लागतं," भगवंतराव म्हणाले. "कलम सात."

"माझं मत नाही," दौलत म्हणाला.

"मग आवरा लवकर. कुठलंही लाकूड घ्या," एकनाथराव म्हणाले.

मी इतिवृत्तावरून मान वर न करता पुटपुटले, "बरोबर आहे. शिसवीचं घ्या नाहीतर आंब्याचं घ्या. तेवढं कळणारा माणूस आहे कोण इथं?"

झालं. एकनाथरावांच्या आजोबांच्या घराला म्हणे सागवानाशिवाय काडी नव्हती. "आंब्याचं? खिडकीला आंब्याचं?" ते उभेच राहिले. त्या दिवशी सभा तीन तास चालली. कुणी चांद्याचा सागवान म्हणालं, कुणी आदिलाबादचा. मग कुणाला तरी आठवलं की चांदा आता मुंबई राज्यात जाणार आणि आदिलाबाद आंध्रात राहणार. तेव्हा तर विचारूच नका. बदलीची कागदं खिशात असलेली माणसं लाकडाची बदली कुठं व्हावी यावर टेबलं बडवायला लागली. दौलतनं शांतपणे विचारलं, "सागवानाला कुणी विचारलं का त्याला कुठं जायचंय?" त्यावर अर्धा तास आणखी गेला.

शेवटी ठरलं की स्वतः जाऊन पाहावं. त्या रविवारी लोकमित्र वाचनालयाची अख्खी कार्यकारिणी सायकलरिक्षांतून अफझलगंजला लाकडाच्या वखारीत गेली. तिथं महबूब उस्तादांचं दुकान होतं. उस्ताद म्हातारे आणि बारीक अंगाचे, दाढीत भुसा. त्यांच्या वडिलांनी आमच्या देवडीच्या मूळ खिडक्या केल्या होत्या असं ते सांगायचे. खरं खोटं अल्ला जाणे, पण आमच्या खिडकीचं पडलेलं दार त्यांच्यापुढं ठेवलं तेव्हा त्यांनी ते कुशीवर वळवलं आणि ओळखीच्या वस्तूवरून फिरवावा तसा जोडावरून अंगठा फिरवला.

मग त्यांनी दोन फळ्या काढल्या, बोटाच्या पेरानं वाजवल्या आणि आम्हाला वास घ्यायला लावलं. अकरा प्रतिष्ठित माणसं रांगेनं फळ्यांना नाक लावत होती. येणारे जाणारे थांबून बघत होते. भगवंतरावांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि इतका लांब श्वास घेतला की मला वाटलं आता हे फळीवरच झोपतात.

"ही," ते म्हणाले.

ती आदिलाबादची निघाली. एकनाथराव तीन आठवडे ते मान्य करेनात.

लाकडानंतर झिलमिलीचा विषय निघाला. झिलमिली म्हणजे दारातल्या त्या आडव्या तिरप्या पट्ट्या, ज्यांतून वारा येतो पण ऊन येत नाही. जुन्या खिडक्यांना अशा पट्ट्या होत्या आणि वर अर्धगोल रंगीत काचा होत्या. पट्ट्या किती? रुंद किती? तिरप्या किती? उस्तादांनी हातगाडीवर नमुना आणला. आम्ही तो रिकाम्या चौकटीत टेकवून उभा केला, आणि प्रत्येक सभासदानं खाली बसून एकच पान वाचून पाहिलं. एकाला उजेड जास्त वाटला, एकाला कमी. एकाचं म्हणणं, हिरव्या काचेखाली वाचणारा माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. उस्तादांनी नमुना परत नेला, पट्ट्या बदलल्या, परत आणला. असं चार वेळा झालं.

चौथ्या वेळी उस्तादांनी मला जिन्यात गाठलं. "बाई, सच बोलो. तुमना खिडकी होना की झगडा होना?"

हैदराबादेत होना म्हणजे हवं. मी त्यांच्यापुढं खोटं बोलू शकले नाही. "दोनों होना, उस्ताद."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दाढीतून हसले. "हौ," ते म्हणाले, "तो ऐसा बोलो ना. झगडेकू भी अच्छा लकडी लगता." आणि पुढच्या रविवारी ते आले तेव्हा हळूच म्हणाले की बिजागऱ्या पितळी करायच्या की लोखंडी, ते तर कुणी विचारलंच नाही. सभेत जो काही हलकल्लोळ झाला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

चौदा ऑक्टोबरच्या सभेला दौलत नव्हता. तो नागपूरला गेला होता. त्या दिवशी नेमकं सगळ्यांचं सगळ्यावर एकमत होत आलं होतं आणि माझी पाचावर धारण बसली. पण भगवंतरावांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "एक सभासद गैरहजर आहे. त्याच्याशिवाय एकमत कसं धरायचं? सभा बरखास्त." मला वाटलं, घटनेचा किती पक्का माणूस हा.

दौलत परत आला तो पांढऱ्या कपड्यांत, पिशवीभर संत्री घेऊन. "ताई, मी बौद्ध झालो," तो दारातूनच म्हणाला. मी त्याला इतका मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याचा चेहरा पाहून मलाही भरून आलं. त्यानं प्रत्येकाच्या हातावर एकेक संत्रं ठेवलं. एकनाथराव क्षणभर संत्र्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी ते सोललं, दोन फोडी तोंडात टाकल्या आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "ते सगळं ठीक, पण तुझं त्या पट्ट्यांचं म्हणणं साफ चूक आहे." दौलत इतका हसला की त्याला ठसका लागला.

गंमत अशी झाली की भांडता भांडता खिडकी सुंदर होत गेली. आम्ही वेळ काढायला खोड काढावी आणि उस्तादांनी ती दुरुस्त करावी. पट्ट्या आता एका लहानशा दांडीनं एकदम उघडत, एकदम मिटत. काचांत हिरवी कमी आणि पिवळी जास्त, त्यामुळं दुपारी टेबलावर तुपासारखा उजेड पडे. मी रात्री अंथरुणावर पडले की खिडकीचाच विचार करी. आई म्हणाली, "लग्नाचं वय झालेल्या मुली कुणाचा विचार करतात नि ही कशाचा!" आणि एकनाथरावांचं काय सांगावं! ज्यांना "कुठलंही लाकूड" चालणार होतं, ते आता कचेरीतून परस्पर अफझलगंजला जाऊन उस्तादांच्या डोक्यावर बसत. निघायच्या घाईत त्यांच्या घरी भांडी बांधायची पडली होती, आणि हे रंधा कसा मारायचा ते उस्तादांना सांगत. बायकोनं वाचनालयात निरोप पाठवला, "ह्यांना घरी पाठवा, नाहीतर ह्यांची गादीही तिकडंच पाठवते."

अशी शेवटची सभा उगवली. बुधवार, एकतीस ऑक्टोबर. सातही जणांची गाडी संध्याकाळी सात वाजता काचीगुड्याहून होती. भगवंतरावांचं स्वतःचं काही पडलं नव्हतं, पण मुलाची कचेरी औरंगाबादला गेली आणि म्हातारपणी एकटं मागं राहायचं म्हटलं तरी मुलगा ऐकेना. म्हणजे तेही त्याच गाडीनं. सभा तीनला होती. सातांपैकी तिघे सामान घेऊनच आले. दिवाणखान्यात ट्रंका, वळकट्या, एक पिंजऱ्यातला पोपट आणि खाली ओळीनं सहा रिक्षा.

उस्तादांनी पहिली खिडकी सकाळीच चौकटीत बसवली होती. वर कापड टाकलं होतं. सगळे आल्यावर त्यांनी ते ओढलं.

बाहेर उतरतीचं ऊन होतं. ते काचांतून आत आलं आणि समोरच्या कपाटांवर, पुस्तकांच्या पाठींवर, थेट पोपटाच्या पिंजऱ्यावर सांडलं. उस्तादांनी दांडी ओढली, सगळ्या पट्ट्या एकदम उघडल्या आणि कोठीचा गलका आत आला. एकनाथरावांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

"वा," ते म्हणाले. "वा, उस्ताद. माझी काही तक्रार नाही."

आणि मग एकेक हात वर गेला. एकनाथरावांचा, त्यांच्यामागं आणखी सहांचा. मी दौलतकडं पाहिलं. तो खिडकीकडं वेड्यासारखा बघत होता आणि त्याचाही हात वर होता. मला त्याचा राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी गेला, कारण मलाही त्या खिडकीत काडीचा दोष सापडत नव्हता आणि माझाही हात वर गेला होता. आमचीच भांडणं आम्हाला नडली होती. साडेचार वाजले होते. गाडीला अडीच तास होते. एकनाथरावांची सूचना मंजूर व्हायला पाच मिनिटं पुरे होती.

"तर मग," एकनाथराव म्हणाले, "खिडक्यांचा विषय निकाली. वकीलसाहेब, आता माझी सूचना घ्या."

भगवंतरावांनी लेखणी उचलली. ते इतिवृत्ताच्या वहीत "निकाली" लिहिणार एवढ्यात थांबले, लेखणी खाली ठेवली, काठी घेतली आणि सावकाश खिडकीपाशी गेले. त्यांनी डावं दार लावलं. मग उजवं लावलं. दोन्ही उघडली. मग उजवं आधी लावलं आणि डावं मागून.

"उस्ताद," ते म्हणाले, "दोन दारांच्या मधली फट झाकायची पट्टी अजून बसवली नाही."

"नै साब. वो आखरीकू. पट्टी और कडी, दोनों बाकी."

"हं." ते सभेकडं वळले. "माझी एक बारीक शंका आहे. पट्टी कुठल्या दाराला लावायची आणि कडी कुठल्या? म्हणजे खिडकी लावताना डावं दार आधी लावायचं की उजवं?"

"डावं," एकनाथराव म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

"उजवं," त्यांच्या शेजारचे म्हणाले. "डावं आधी कोण लावतं?"

"आमच्याकडं सगळे!"

"तुमच्याकडं कढीतही गूळ घालतात!"

हत्ती गेला होता नि शेपूट राहिलं होतं, पण त्या शेपटानं दिवाणखाना डोक्यावर घेतला. प्रत्येकाच्या घरी खिडकी लावायची एक रीत होती, आणि ती रीत आजवर कुणी बोलून दाखवली नव्हती. ज्याच्या त्याच्या आईनं, आजीनं शिकवलेली. एकानं सांगितलं, उजव्या हाताचा माणूस डावं दार आधी ओढतो. दुसरा म्हणाला, मग डावऱ्यानं काय उघड्या खिडकीत मरायचं? दोघे जण खिडकीपाशी जाऊन लावून दाखवायला लागले आणि एकाचं बोट चेमटलं. पोपट "चूप! चूप!" म्हणून ओरडत होता. माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. मी दर पाच मिनिटांनी उठून म्हणत होते, "पण पावसाचं तोंड पश्चिमेला आहे, त्याचा विचार?" आणि आगीत तेल पडत होतं.

सहा वाजता रिक्षावाल्यांनी खालून घंट्या वाजवायला सुरुवात केली. एकनाथरावांची बायको वर आली, तिनं नवऱ्याकडं पाहिलं, पोपटाचा पिंजरा उचलला आणि म्हणाली, "मी जाते. तुम्ही खिडकी घेऊन या."

"थांब! मत टाकू द्या! विषय मत टाकून मिटवा!" एकनाथराव ओरडले.

"इमारतीचा विषय आहे," भगवंतराव म्हणाले. "मत नाही, एकमत. कलम सात." त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "सभा तहकूब. खिडक्यांचा विषय पुढील सभेत."

एकनाथरावांना काय झालं ते जिन्यात उतरताना समजलं असावं. ते मधल्या पायरीवर थांबले, वळून माझ्याकडं पाहिलं, तोंड उघडलं. पण मागून चार ट्रंका आल्या आणि त्यांना खाली घेऊन गेल्या. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी गेली तेव्हा त्यांनी बाहेर डोकं काढलं. मला वाटलं आता शिव्या देतात.

"बाई!" ते ओरडले. "काही झालं तरी डावं आधी!"

मी आणि दौलत स्टेशनवर गेलो. फलाटावर अख्खं मराठी हैदराबाद लोटलं होतं. कुणी रडत होतं, कुणी डबे मोजत होतं. भगवंतराव डब्यात खिडकीपाशी बसले होते, शेरवानीची सगळी बटणं लावून. मी खिडकीशी गेले आणि मला राहवेना. इतक्या चांगल्या माणसाला फसवून निरोप द्यायचा, हे मला जमेना.

"वकीलसाहेब, मला माफ करा," मी म्हणाले. "आम्ही मुद्दाम भांडणं लावली. दौलतला कलम नऊ सापडलं आणि आम्ही दोन महिने सगळ्यांना खेळवलं. तुम्हालाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"इंदुमतीबाई," ते म्हणाले, "चौतीस साली घटना कुणी लिहिली असं वाटतं तुम्हाला?"

मी दौलतकडं पाहिलं.

"अध्यक्षानं बाजू घ्यायची नसते. कलम दोन. तेही माझंच. मी किती दिवस वाट पाहत होतो, कुणीतरी ते पुस्तक उघडेल म्हणून." ते दौलतकडं वळले. "तुम्ही उघडलंत. बरं केलंत."

दौलत पुढं झाला. त्यानं खिडकीच्या गजावर ठेवलेल्या त्यांच्या हातावर हात ठेवला. गाडीनं शिटी दिली.

"ती खुर्ची हलवू नका," भगवंतराव म्हणाले. "आणि मला कळवत चला, कडीचं काय ठरलं ते." मग त्यांनी डब्याच्या खिडकीची झिलमिली खाली ओढली आणि गाडी हलली. त्या पट्ट्यांमागं ते रडत होते हे मला स्वच्छ दिसत होतं. उस्तादांची झिलमिली असती तर दिसलं नसतं.

आज या गोष्टीला अठरा वर्षं झाली. वाचनालय तिथंच आहे. सातही खिडक्या बसल्या. उस्तादांनी चार खिडक्यांची पट्टी डाव्या दाराला लावली आणि तीन खिडक्यांची उजव्या, कारण निर्णय व्हायचा होता. तो अजूनही व्हायचा आहे. दर सभेला तोच विषय निघतो आणि दर सभेला मी लिहिते, "खिडक्यांचा विषय पुढील सभेत." त्यामुळं वाचनालय हलवायचा, विकायचा, बंद करायचा विषय कुणाच्या बापाला काढता येत नाही. बाकीचं कामकाज आम्ही इराण्याकडं चहा पिताना उरकतो. अध्यक्षाच्या खुर्चीत दौलत बसतो. त्याला निवडून कुणी दिलं हे विचारू नका, तो विषय सभेपुढं आलेलाच नाही.

दर दिवाळीला भगवंतरावांचं कार्ड यायचं. क्षेमकुशल, आणि खाली एक ओळ: कडीचं काय ठरलं? मी उलट टपाली कळवायची: अजून काही नाही. ते तेरा वर्षं आलं.

चौदाव्या दिवाळीला आलं नाही. दिवाळी होऊन पंधरा दिवस गेले तरी आलं नाही, आणि मग एकनाथरावांचं पत्र आलं. मी ते वाचलं आणि कुणाला न सांगता घडी करून पदरात ठेवलं. त्या रविवारच्या सभेत दौलतनं नेहमीसारखं विचारलं, "कडीचं काय करायचं?" मी उठले. मला सांगायचं होतं की वकीलसाहेब गेले, की आता पुरे, एकदाचं ठरवून टाकू या. पण माझ्या तोंडून निघालं, "एकनाथरावांनी कळवलंय, डावं आधी."

"उजवं!" तिघे एकदम ओरडले, आणि कुणीतरी टेबल बडवलं. मी त्यांच्यामधे उभी राहून एकाच वेळी हसले आणि रडले. बराच वेळ कुणाच्या ते लक्षातच आलं नाही.

मग मी खाली बसले, वही पुढं ओढली आणि लिहिलं, "खिडक्यांचा विषय पुढील सभेत."